दुर्लक्षित वस्त्यांची निवड : गरज आधी पाहायची की तयारी?

(या चर्चेत सहभागी टोपणनावाने लिहितात. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

उंबरठा

आर्थिकदृष्ट्या दुर्लक्षित राहिलेल्या वस्त्यांचा विकास तिथल्या रहिवाशांच्या पुढाकारानेच व्हावा, हे आता जवळजवळ सर्वांना मान्य असते. वाद सुरू होतो तो कोणत्या वस्तीपासून सुरुवात करायची, या प्रश्नापाशी. निवडीचे काम आपण कार्यालयीन सोपस्कार समजतो : आकडे मागवायचे, तक्ता करायचा, वरच्या दहा वस्त्या घ्यायच्या, आणि लोकसहभागाची भाषा त्यानंतर बोलायला लागायचे. माझ्या अनुभवाप्रमाणे तोपर्यंत निम्मा निकाल लागून गेलेला असतो.

अशा एका निवड समितीवर मी काही काळ होतो. आमच्या गुणपत्रिकेत निम्मे गुण गरजेला होते आणि निम्मे तयारीला. तयारी म्हणजे नोंदणीकृत संस्था आहे का, तिचे हिशेब तपासलेले आहेत का, पूर्वी एखादा निधी हाताळला आहे का, बैठकीला जागा आहे का, असे प्रश्न. कागदावर हे अगदी वाजवी दिसते. प्रत्यक्षात असे झाले की ज्या वस्तीत नीट अर्ज लिहिणारी दोन-तीन माणसे होती, ती मध्यम गरजेची वस्ती वर गेली, आणि जिथे काहीच नव्हते ती वस्ती ‘तयारी अपुरी’ या शेऱ्यासह खाली राहिली. त्याहून वाईट म्हणजे सर्वांत दुर्लक्षित दोन-तीन भागांतून अर्जच आले नव्हते. आलेल्या अर्जांची आम्ही तासन् तास छाननी केली. न आलेल्या अर्जांचा तक्ता मात्र कोणी केला नव्हता, मीही नाही.

ही अडचण केवळ आमच्या समितीची नव्हती, हे पुढे वाचनात आले. इंग्लंडमध्ये लोकल ट्रस्ट या संस्थेसाठी २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात कोणता भाग किती वंचित आहे हे मोजणाऱ्या नेहमीच्या वंचितता निर्देशांकासोबत ‘सामुदायिक गरज निर्देशांक’ वापरला गेला. लोकांना एकत्र येण्यासाठी जागा आहेत का, भाग वाहतुकीने आणि इंटरनेटने जोडलेला आहे का आणि सार्वजनिक कामात लोकांचा सहभाग किती आहे, अशा गोष्टी त्यात मोजल्या होत्या. दोन्ही मोजपट्ट्यांवर एकाच वेळी तळाच्या दहा टक्क्यांत येणारे प्रभाग त्यातून पुढे आले : आधी २०६, आणि नंतरच्या अद्ययावत आकडेवारीनुसार २२५. म्हणजे ज्या गोष्टींच्या अभावाला आम्ही ‘अपुरी तयारी’ म्हणून गुण कापत होतो, त्याच अभावाला या अभ्यासाने गरजेत धरले.

त्याच देशातील ‘बिग लोकल’ या कार्यक्रमाची रचना म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. २०१० ते २०१२ या काळात तीन टप्प्यांत १५० भाग निवडले गेले आणि प्रत्येकासाठी किमान दहा लाख पौंड राखून ठेवण्यात आले. हे भाग स्पर्धेतून आले नव्हते. राष्ट्रीय लॉटरीतून समाजकार्यासाठी मिळणाऱ्या निधीतील आपला वाटा ज्यांना आजवर मिळाला नव्हता, अशी ठिकाणे निधी देणाऱ्यांनीच शोधून काढली. पैसा साधारण दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळात, रहिवाशांचे बहुमत असलेल्या गटाने ठरवून खर्च करायचा होता, आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तो संपवलाच पाहिजे अशी अट नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे की गरज आणि तयारी यांची बेरीज करू नये. वस्ती यादीत येईल की नाही, हे केवळ गरजेवरून ठरवावे. तयारी पाहायचीच आहे, पण ती नंतर, आणि वेगळ्या कारणासाठी : सुरुवात कशाने करायची, पहिल्या वर्षी किती पैसा सोडायचा आणि सोबतीला किती माणसे द्यायची, हे ठरवण्यासाठी.

यादीत नाव आले की काम झाले, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत २०१७ च्या करकायद्याने ‘ऑपॉर्च्युनिटी झोन’ निर्माण झाले. राज्यांच्या गव्हर्नरांनी पात्र अल्पउत्पन्न जनगणना विभागांपैकी साधारण पंचवीस टक्क्यांपर्यंत विभाग सुचवले आणि देशभरात ८,७६४ विभाग ठरले. करसवलत मिळाली ती गुंतवणूकदाराला. ठरलेल्या विभागांपैकी कुठे आणि कशात पैसा घालायचा, हे तोच ठरवणार होता. रहिवाशांना विचारण्याचे बंधन कायद्यात नव्हते. गुंतवणुकीचा मोठा हिस्सा थोड्याच विभागांत गेला. वरून निवडलेली जागा आणि बाहेरून ठरलेले काम असे दोन्ही एकत्र आले, तर त्याला लोकांच्या पुढाकाराचा विकास म्हणण्यात अर्थ नाही.

याबाबत ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी, विशेषतः विरोधी मत असल्यास, अवश्य लिहावे.

हिशेबनीस

मांडणी पटण्यासारखी आहे. तरी मी विरोधी बाजूने लिहितो, कारण माझे आयुष्य अशा निधीचे हिशेब तपासण्यात गेले आहे. जिथे पैसा स्वीकारणारी, जबाबदारी घेणारी आणि लोकांना उत्तर देणारी कोणतीही रचना नाही, तिथे तीनपैकी एक गोष्ट घडताना मी पाहिली आहे. कंत्राटदार वस्तीच्या नावाने काम उरकतो, किंवा वस्तीतला सर्वांत दबदबा असलेला माणूस स्वतःलाच समिती म्हणवून घेतो, किंवा पैसा तसाच पडून राहतो आणि पुढच्या वेळी ‘या लोकांना खर्च करता येत नाही’ असा शेरा फाइलवर चढतो. तिसरा प्रकार सर्वांत निरुपद्रवी वाटतो. वस्तीचे दीर्घकाळ नुकसान करणारा तोच आहे.

तयारी म्हणजे केवळ कागदपत्रे, असे धरल्यामुळे आपला आक्षेप सोपा झाला आहे. थायलंडमध्ये २००३ साली सुरू झालेल्या, शहरी गरीब वस्त्यांच्या सुधारणेच्या ‘बान मानकोंग’ कार्यक्रमात रहिवाशांच्या बचतगटाला मध्यवर्ती स्थान होते. बचत करण्यासाठी लेखापरीक्षक लागत नाही, सुंदर अर्जही लागत नाही. शेजाऱ्यावर विश्वास आणि महिनोन् महिने टिकणारी शिस्त मात्र लागते. ही तयारी गरीब वस्तीला अशक्य नाही, आणि ती नसताना मोठी रक्कम देणे म्हणजे वस्तीवर उपकार करणे नव्हे.

दुसरा मुद्दा संख्येचा. अमेरिकेत १९६६ मध्ये शहरांतील गरीब भाग सुधारण्यासाठी ‘मॉडेल सिटीज’ कार्यक्रम आला तेव्हा थोड्या शहरांत भरपूर साधने ओतून काय साधते ते पाहावे, ही मूळ कल्पना होती. राजकीय वाटाघाटींत ही संख्या वाढत जाऊन सुमारे दीडशेवर पोहोचली आणि पैसा पातळ झाला. केवळ गरज हा निकष ठेवला तर यादी कुठे थांबवणार? गरजू वस्त्या नेहमीच निधीपेक्षा जास्त असतात.

रेघ

वस्ती कोणती, याच्या आधी वस्ती म्हणजे कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न सुटावा लागतो. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सीमारेषेमुळे झालेली भांडणे मी जवळून पाहिली आहेत.

इंग्लंडमधील ‘न्यू डील फॉर कम्युनिटीज’ हा मागे पडलेले भाग सुधारण्याचा कार्यक्रम १९९८ मध्ये सुरू झाला. त्यात ३९ भाग होते, प्रत्येकाला दहा वर्षांत सुमारे पाच कोटी पौंड आणि प्रत्येक भागाची लोकसंख्या सरासरी दहा हजारांच्या आत. आता असा भाग नकाशावर आखताना रेघ कुठल्या तरी रस्त्याच्या मध्यातून जाणारच. रस्त्याच्या एका अंगाला घरांची डागडुजी झाली आणि समोरच्या अंगाला तशीच घरे तशीच राहिली, की काल एकत्र असलेली माणसे आज ‘आतली’ आणि ‘बाहेरची’ होतात. लोकांच्या एकीवर ज्या कार्यक्रमाची भिस्त आहे, त्यानेच अशी फूट पाडावी हे विचित्र आहे.

उलट टोकाचे उदाहरण कराचीतील ओरंगी या गरीब वसाहतीचे. समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये ओरंगी पथदर्शी प्रकल्प सुरू केला तेव्हा त्यांनी अख्खी वसाहत हे एकक धरलेच नाही. गल्ली धरली, वीस-तीस घरांची. घरातला शौचकूप आणि गल्लीतली सांडपाण्याची वाहिनी रहिवाशांनी आपल्या पैशाने करायची, मोठी मुख्य वाहिनी आणि पुढची प्रक्रिया शासनाने, अशी ही विभागणी होती. गल्ली हे एकक चालले, कारण कोणी पैसे दिले आणि कोणी नाही हे तिथे सर्वांना माहीत असते. दहा हजार लोकांच्या भागात ते कोणालाच माहीत नसते. यात निवडही आपोआप होत गेली : जी गल्ली आपला प्रतिनिधी ठरवून पैसे गोळा करी, तिथे तांत्रिक मदत पोहोचे. हिशेबनीस म्हणतात ती तयारी हीच असावी.

मात्र गल्लीने शाळा होत नाही, दवाखाना होत नाही, बस येत नाही. म्हणून कामागणिक एकक बदलावे लागते, हे निवड करणाऱ्यांनी आधीच मान्य करावे. सीमेसाठी मी एक साधी पद्धत सुचवतो. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या टोकांना राहणाऱ्या वीसेक रहिवाशांना कोरा कागद देऊन ‘तुमची वस्ती’ काढायला सांगावी. स्त्रियांचे नकाशे पुरुषांपेक्षा आणि मुलांचे मोठ्यांपेक्षा वेगळे निघतात. सर्व नकाशांत जो भाग समान येतो तो गाभा, आणि ज्याबद्दल दुमत आहे तो काठ. काठावरच्या लोकांना सामील व्हायचे की नाही, हे त्यांनाच विचारावे.

सरासरी

आकडेवारीच्या बाजूने काही सावधगिरीच्या गोष्टी.

इंग्लंडचा २०१९ चा वंचितता निर्देशांक ३२,८४४ छोट्या क्षेत्रांसाठी काढलेला आहे. एका क्षेत्रात सरासरी दीड हजार लोक. त्यात सात घटक आहेत. उत्पन्न आणि रोजगार यांना प्रत्येकी २२.५ टक्के भार आहे, शिक्षण आणि आरोग्य यांना प्रत्येकी १३.५, आणि गुन्हेगारी, घर व सेवांच्या वाटेतील अडथळे, राहण्याचा परिसर या तिघांना प्रत्येकी ९.३. हे भार विचारपूर्वक ठरवलेले आहेत, तरी ते शेवटी ठरवलेले आहेत. परिसराचा भार थोडा वाढवला की क्रमवारीतल्या जागा हलतात. म्हणून यादीत चाळिसावी वस्ती आत आणि एकेचाळिसावी बाहेर, असा कडक न्याय करताना आपण आकड्यांकडून त्यांच्यात नसलेली अचूकता मागत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सरासरीखाली खड्डे झाकले जातात. सुस्थितीतल्या भागाच्या मधोमध साठ-सत्तर कुटुंबांची अत्यंत हलाखीची वस्ती असेल, तर क्षेत्राचा आकडा तिला गिळून टाकतो. आणि जिथे लोक नोंदणीशिवाय राहतात, तिथे जनगणनेचा आकडाच अपुरा असतो. म्हणजे ज्यांची मोजणी सर्वांत कच्ची, त्यांचीच निवड आपण मोजणीवरून करतो.

फ्रान्सने २०१४ च्या कायद्याने या गुंत्यातून वेगळी वाट काढली. पूर्वीची अनेक निकषांची आणि एकमेकांवर चढलेली क्षेत्रे मोडून त्यांनी उत्पन्न हा एकच निकष घेतला, देश दोनशे मीटरच्या चौकोनांत पाहिला आणि किमान हजार लोकवस्तीचे सुमारे १,५०० भाग ठरवले. एकच निकष ठेवल्याने बरेच काही निसटते, हे उघड आहे. पण निवड का झाली आणि का झाली नाही, हे कोणालाही दोन वाक्यांत सांगता येते. बहुघटकी निर्देशांकाबाबत ते मला तज्ज्ञ असूनही जमत नाही.

यादी कुठे थांबवायची, या हिशेबनीसांच्या प्रश्नावर माझे उत्तर कदाचित अनेकांना आवडणार नाही. निर्विवाद गरजेच्या वस्त्या थेट घ्याव्यात. सीमेवरच्या, आकड्यांनी जवळजवळ सारख्या असलेल्या वस्त्यांमधून सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठीत वशिला चालत नाही, आणि हरलेल्या वस्तीला आपण कमी पडलो असे वाटत नाही.

उंबरठा

हिशेबनीस, आपल्या पहिल्या मुद्द्याने माझी मांडणी दुरुस्त करावी लागते आहे. मी तयारीला ‘नंतर’ म्हणालो, पण त्या ‘नंतर’चे रूप सांगितले नाही. तयारी नसलेल्या वस्तीला पहिल्याच दिवशी मोठी रक्कम द्यावी, असे मला म्हणायचे नव्हते. तिचे नाव आणि तिची रक्कम राखून ठेवावी, आणि वर्ष-दोन वर्षे लहान कामांवर, ओळखीपाळखीवर, बचतीवर जाऊ द्यावीत. तो काळ ‘विलंब’ या रकान्यात मांडू नये. बचतगटाची शिस्त ही प्रवेशाची अट असली तर ती चाळणी होते. प्रवेशानंतरचे पहिले काम असली तर ती पायरी होते. बान मानकोंगमध्ये शहरातील सर्व वस्त्यांची पाहणी आधी करून मग सुरुवातीच्या वस्त्या ठरवण्यावर भर होता आणि बाकीच्या वस्त्यांची माणसे ते काम पाहून शिकत होती, हेही ध्यानात घ्यावे. तिथे प्रश्न ‘कोण’ यापेक्षा ‘कोण आधी’ असा होता.

संख्येचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. चिठ्ठीची सूचनाही, आमच्या समितीत कोणी ती मांडली असती तर आम्ही हसलो असतो, हे वेगळे.

मोकळी जागा

आतापर्यंतची चर्चा वस्तीच्या निवडीवर आहे. वस्ती ठरल्यावर तिच्या आत नेमका कोणता भूखंड घ्यायचा, ही दुसरी निवड असते आणि कित्येक चांगले कार्यक्रम तिथेच घसरतात.

नकाशावर जी जागा रिकामी दिसते ती जमिनीवर क्वचितच रिकामी असते. तिच्यातून पाण्याकडे जाणारी वाट असते, मुले खेळतात, कोणाची तरी हातगाडी रात्री तिथे उभी राहते, पावसाचे पाणी तिथे साचून हळूहळू जिरते. तिथे इमारत उभी केली की सभागृह मिळते आणि पाणी घरांत शिरते. म्हणून भूखंड पाहायला एकदाच, दुपारी, वाहनातून जाऊ नये. पहाटे, अंधार पडल्यावर आणि एकदा जोरदार पावसात पायी जावे. पूर्वी तिथे कारखाना, गॅरेज किंवा कचराडेपो असल्यास माती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण दूषित माती काढण्याचा खर्च संपूर्ण निधी खाऊ शकतो. आणि जागा दोन गटांच्या वस्तीच्या मध्ये आहे की एकाच गटाच्या अंगणात, हेही पाहावे. एका गटाच्या दारातून जावे लागते अशा सभागृहात दुसरा गट पाऊल ठेवत नाही, मग फलकावर ‘सर्वांसाठी’ असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असो.

मालकीचा प्रश्न याहून कठीण. बोस्टनमधील डडली स्ट्रीट परिसराची हकिगत या बाबतीत वाचण्यासारखी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस तिथली जवळजवळ एक तृतीयांश जमीन ओसाड होती. आगी लागून आणि घरे सोडली जाऊन मोकळे झालेले सुमारे १,३०० भूखंड, त्यांत बाहेरचे लोक बेकायदा कचरा आणून टाकत. १९८४ मध्ये तिथे संस्था उभी राहू लागली तेव्हा नियामक मंडळाच्या पहिल्या आराखड्यात रहिवासी अल्पमतात होते. रहिवाशांनी सभेतच त्याला हरकत घेतली आणि त्यांचे बहुमत असलेले मंडळ बनले. १९८८ मध्ये शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाने या संस्थेला ओसाड खासगी भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकार दिला. एरवी हा अधिकार शासन वापरते आणि अशा वस्त्यांना त्याची झळ बसते. इथे तो वस्तीच्या हाती आला. संपादन केलेली जमीन सामुदायिक भून्यासाकडे राहिली. घर विकत घेता येते, त्याखालची जमीन न्यासाची राहते, आणि पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा असते.

हा शेवटचा भाग मला निवडीच्या दृष्टीने निर्णायक वाटतो. दुर्लक्षित वस्ती निवडून तिच्यात रस्ता, बाग, दिवे आले की जमिनीचे भाव चढतात आणि भाड्याने राहणारे सर्वांत आधी बाहेर पडतात. पाच वर्षांनी सर्वेक्षण केले तर वस्ती सुधारलेली दिसते, पण ज्यांच्या नावाने ती निवडली ते तिथे नसतात. त्यामुळे वस्ती निवडताना आणखी एक गोष्ट तपासावी : तिथल्या भाडेकरूंचे प्रमाण किती आहे, आणि निदान काही जमीन बाजाराबाहेर ठेवता येईल का. येत नसेल, तर सुशोभीकरणाने सुरुवात करू नये. रोजगार, आरोग्य, शिक्षण अशा माणसांबरोबर चालणाऱ्या कामांनी करावी.

दुसरी बाजू

निवड होणे हा नेहमीच सन्मान नसतो, हेही नोंदवून ठेवतो. डेन्मार्कमध्ये २०१० पासून शासन विशिष्ट वसाहतींची यादी ‘घेट्टो’ या शब्दाखाली प्रसिद्ध करत आले. टीकेनंतर २०२१ मध्ये तो शब्द वगळला, तरी यादी राहिली. टोरोंटोने २००५ मध्ये १३ ‘प्राधान्य परिसर’ ठरवले. हेतू चांगला होता, पण त्या नावाला चिकटणाऱ्या कलंकाबद्दल तिथेही तक्रारी झाल्या. २०१४ मध्ये निकष व्यापक करून १४० पैकी ३१ परिसर निवडले आणि नावही बदलून ‘परिसर सुधार क्षेत्र’ केले. पत्ता पाहून नोकरी नाकारली जाते अशा ठिकाणी यादीचे नाव काय ठेवता, याला महत्त्व असते. वस्तीला विचारल्याशिवाय तिला ‘मागास’ ठरवणारा फलक तिच्या तोंडाशी लावू नये.

हिशेबनीस

उंबरठा यांनी राखीव रकमेची जी कल्पना मांडली तिला माझी हरकत नाही. लेखापरीक्षणात ती बसवता येते. एक प्रश्न उरतो. दोन वर्षांनीही वस्तीत काहीच उभे राहिले नाही, तर नाव काढायचे का? आणि ते कोणी ठरवायचे?

उंबरठा

नाव काढू नये. सोबतीची माणसे बदलून पाहावीत. काही उभे राहिले नाही याचा दोष बहुतेक वेळा वस्तीपेक्षा आपण पाठवलेल्या कार्यकर्त्याकडे किंवा आपल्या घाईकडे असतो. मात्र एखाद्या गटाने निधी बळकावला असेल, तर तो गोठवण्याची सोय पहिल्या दिवसापासून लेखी असली पाहिजे.

कोणी ठरवायचे, यावर ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रेची पद्धत उपयोगी वाटते. १९८९ पासून तिथे लोकसहभागी अर्थसंकल्प सुरू झाला. शहराच्या विभागांमध्ये पैसा वाटताना त्या त्या सुविधेची तूट, लोकसंख्या आणि विभागाने स्वतः दिलेले प्राधान्य यांना भार दिला जात असे. हे नियम निवडून आलेल्या नागरिकांच्या परिषदेत दरवर्षी चर्चेला येत. म्हणजे निवडीचे निकष हाच लोकांच्या निर्णयाचा विषय होता. आपल्याकडच्या चर्चेत रहिवाशांना निकष लागू झाल्यानंतर बोलावतात; ‘कशाला किती गुण’ या बैठकीला त्यांना बोलावल्याचे मी पाहिलेले नाही. निवड न झालेल्या वस्त्यांचे प्रतिनिधीही त्या बैठकीत हवेत, कारण नियमातली खोच त्यांना सर्वांत आधी दिसते.

सरासरी यांच्या मुद्द्यानंतर मी समितीला पाठवण्याचे टिपण बदलले आहे. त्यात पहिला तक्ता ज्या भागांतून अर्ज आलेच नाहीत त्यांचा असेल, आणि प्रत्येक भागापुढे तिथे पायी कोण जाऊन आले व कधी, एवढेच दोन रकाने. मोकळी जागा यांच्या भाडेकरूंच्या मुद्द्यासाठी तिसरा रकाना जोडतो आहे. त्यातली माहिती कशी गोळा करावी, याबद्दल कोणाला अनुभव असल्यास इथेच लिहावे.